सफारीबाहेरचे तास तुमचे आहेत : ताडोबाच्या वेशीवरील कॅम्प-मालकांना खुले पत्र

प्रति,
मोहर्ली, आगरझरी, देवाडा, कोलारा, मदनापूर, अलिझंझा, नवेगाव, झरी आणि पांगडी या गेटांच्या आसपास मध्यम दराचे कॅम्प व रिसॉर्ट चालवणारे सर्व मालक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. शाळेत भूगोल शिकवते. सुट्ट्या लागल्या की घरच्यांना, पुण्याहून आलेल्या नणंदेच्या कुटुंबाला, कधी शेजाऱ्यांना घेऊन ताडोबाला येते आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी कॅम्पवर उतरते. जोडप्यामागे रात्रीला पाच-सात हजार रुपये, त्यात नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, सफारीचे पैसे वेगळे, असा आपला व्यवहार. त्याहून महाग ठिकाणी राहणं मला परवडत नाही. त्याहून स्वस्तात सासूबाईंची आणि लहान मुलांची सोय होत नाही. महाराष्ट्रातून ताडोबाला येणारी असंख्य कुटुंबं याच मधल्या पट्ट्यातली आहेत, म्हणून हे पत्र वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

महागड्या लॉजवर पाहुण्यांसोबत स्वतःचा निसर्ग-अभ्यासक असतो, पुस्तकं असतात, दिवे बेताचे असतात. गावातल्या होमस्टेत घरातली माणसंच जंगलातली असतात, तिथे काही वेगळं सांगावं लागत नाही. मधे तुम्ही आहात. शहरातल्या बहुसंख्य मुलांची जंगलातली पहिली रात्र तुमच्याकडे जाते. जंगलात कसं वागायचं, किती आवाज करायचा, काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे ती तुमच्याकडून शिकतात. ही जबाबदारी तुमच्यावर कुणी सोपवलेली नाही, पण ती तुमच्याकडे आलेली आहे.

सफारीवर तुमचा ताबा नसतो. बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं, गाईड गेटावर पाळीप्रमाणे मिळतो, जिप्सीत सहा पर्यटक, वेळ ठरलेली, मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन फेऱ्या केल्या तरी पाहुणा दिवसाचे आठ-नऊ तास जंगलात असतो. उरलेले पंधरा-सोळा तास तो तुमच्याकडे असतो. वाघ तुमच्या हातात नाही, हे पंधरा-सोळा तास मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. आणि तुमच्यापैकी बरेच जण नेमकं उलटं वागतात. हातात नसलेल्या गोष्टीची हमी देतात आणि हातात असलेली गोष्ट वाया घालवतात.

हमीपासूनच सुरुवात करते. बुकिंगसाठी फोन केला की पलीकडून ऐकू येतं, "मॅडम, दोन सफारी घ्या, सायटिंग पक्कं." कॅम्पच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर रोज वाघाचा ताजा फोटो. सायटिंग म्हणजे वाघ दिसणं. दुपारी जेवायला बसलं की मॅनेजर टेबलाटेबलावर जाऊन विचारतो, "झालं का सायटिंग?" ज्यांचं झालं ते मोठ्याने सांगतात, ज्यांचं झालं नाही ते ताटात बघतात. माझा भाचा अकरा वर्षांचा. सकाळच्या फेरीत त्याने रानकुत्र्यांची टोळी अगदी जवळून पाहिली होती. रस्त्याच्या कडेला ऐनाच्या झाडाच्या सावलीत सात-आठ रानकुत्रे लोळत पडले होते, पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती, आणि आमच्या गाईड ताईने त्यांची शिकारीची पद्धत इतकी छान सांगितली की गाडीतलं कुणी हललं नाही. जेवताना मॅनेजरने त्याला विचारलं आणि त्याने उत्तर दिलं, "काहीच नाही दिसलं." त्या मुलाला रानकुत्रे "काहीच नाही" वाटायला लागले ते त्या जेवणाच्या टेबलावर. जंगलात असताना त्याचे डोळे विस्फारले होते, ते मी स्वतः पाहिलं आहे.

हमीचा दुसरा परिणाम जंगलात दिसतो. पक्कं सायटिंग ऐकून आलेला पाहुणा गेटातून आत शिरल्यापासून चालकाच्या मागे लागतो. बाकीच्या गाड्या कुठे गेल्या, आपण इथे काय करतोय, पाणवठ्यावर चला, पुढे घ्या, अजून पुढे घ्या. टिपेचं आमिष मधेमधे सुटतं. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे त्यामागे हेही एक कारण आहे. हातात फोन असले तर एका गाडीला वाघ दिसला की फोनाफोनी होऊन तिथे गाड्यांची रांग लागते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी आलेल्या जिप्सींच्या मधे कोंडले गेले. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. त्यांची चूक होतीच आणि कारवाई योग्यच होती. पण त्या गाड्यांमध्ये बसलेल्या पाहुण्यांना वर्षाअखेरची सुट्टी वाघासकट विकणारे जे कुणी होते, त्यांच्यापर्यंत कुणीही पोहोचलं नाही. गाईडचं कार्ड रद्द झालं की त्याची चूल बंद होते. हमी देणाऱ्याचा काउंटर दुसऱ्या दिवशीही उघडा असतो. हा अन्याय तुम्ही स्वतःहून थांबवू शकता. त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट बघायची गरज नाही.

आता रस्त्याबद्दल. मी उतरले होते त्या एका कॅम्पवर दुपारची फेरी रिकामी गेल्यावर मॅनेजरने आमच्या घरच्या पुरुषांना बाजूला घेऊन सांगितलं की स्वतःची गाडी काढा, अंधार पडला की गावाच्या रस्त्यावर वाघ येतोच, आमचे पाहुणे रोज पाहतात. आम्ही गेलो नाही. पण जेवणाआधी चार्जर आणायला म्हणून कॅम्पच्या फाटकाबाहेर उभ्या केलेल्या आमच्या गाडीपर्यंत गेले, तेव्हा समोरच्या रस्त्यावर सहा-सात गाड्या हेडलाइट लावून उभ्या होत्या. काचा खाली, टॉर्च बाहेर, प्रकाशाचे झोत झुडपांवर फिरत होते. त्या गाड्यांच्या मागे तीन मोटरसायकली अडकल्या होत्या. कामावरून घरी परतणारी गावातली माणसं. एकाच्या हँडलला जेवणाचा डबा आणि भाजीची पिशवी अडकवलेली, दुसऱ्याच्या मागे त्याची बायको बसलेली. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि ती सारखी डाव्या बाजूच्या झाडीकडे बघत होती. गाड्यांमधली माणसं काचेच्या आणि पत्र्याच्या आत होती. वाघ खरोखरच तिथे असेल तर त्याच्यात आणि या तीन मोटरसायकलींच्या मधे काहीही नव्हतं. हॉर्न वाजवावा तर गाडीवाले हातवारे करून गप्प बसवत होते, "आवाज करू नका, वाघ आहे." आपल्याच गावाच्या रस्त्यावर त्या माणसांना अंधारात, उघड्यावर, वाघाच्या जवळ थांबवून ठेवलं होतं, आणि तेही पाहुण्यांना वाघ दिसावा म्हणून.

चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात ही तुम्हाला सांगायची गोष्ट नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तुमच्या कॅम्पवर पंखे, चादरी, भांडी सांभाळणाऱ्या बायांच्या नात्यागोत्यातली माणसं मे महिन्यात पहाटे तेंदूपत्त्याला आणि त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलाला जातात. ज्या वेळी तुमच्या पाहुण्यांची जिप्सी सुटते, त्याच वेळी ती माणसं पायी निघतात. राज्यात २०२२ च्या गणनेत ४४४ वाघ मोजले गेले, आणि त्यातले कितीतरी संरक्षित क्षेत्राच्या बाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत, गावांच्या शेजारी राहतात. वाघ वाढले याचं श्रेय घेणारे पुष्कळ आहेत. त्याची किंमत मोजणारी माणसं तुमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहेत. रात्री रस्त्यावर वाघ शोधायला पाहुण्यांना पाठवणारा मॅनेजर ही किंमत वाढवतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ च्या निकालात व्याघ्र प्रकल्पांतल्या रात्रीच्या पर्यटनावर बंदी घातली आहे. "ही सफारी नाही, सार्वजनिक रस्ता आहे" ही पळवाट कृपा करून काढू नका.

त्याच निकालात व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात शांतता क्षेत्र लागू करण्याचे निर्देश आहेत. त्याआधीही, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नव्हताच. तरीही शनिवारच्या रात्री मोहर्लीच्या बाजूला एखाद्या कॅम्पवर वाढदिवस, कुठल्या तरी कंपनीचा मेळावा किंवा लग्नाआधीचा संगीताचा कार्यक्रम असतो आणि बासचा दणका तंबूच्या कापडातून छातीत येतो. सासूबाईंनी कानात कापसाचे बोळे घालून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेटावर पोहोचायचं असतं, म्हणजे साडेतीन-चारला उठणं आलं. हे फक्त पाहुण्याच्या झोपेपुरतं नाही. बफरमधला, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातला, सांबर, भेकर, अस्वल तिथेच असतात. सांबराने दिलेला कॉल, चितळाचं भुंकणं, रातवा पक्ष्याची एकसुरी टकटक, हे ऐकायला माणसं इतक्या लांब येतात. ते ऐकवणं हा तुमच्याकडचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा कार्यक्रम आहे. त्याला फक्त स्पीकर बंद ठेवावा लागतो.

दिव्यांचंही तसंच. सुरक्षेसाठी कुंपणाला दिवे लागतात हे मला मान्य आहे. वाटेवर साप-विंचू असतो, म्हातारी माणसं असतात. पण त्यासाठी घोट्याच्या उंचीचे, खाली झुकलेले, पिवळे दिवे पुरतात. मधल्या हिरवळीवर उंच खांबावर लावलेला पांढरा फ्लडलाइट कुणालाच उपयोगी पडत नाही. मी राहिलेल्या तंबूसमोर असा एक होता. त्याच्या खाली सकाळी झाडूने किडे गोळा करावे लागत होते, सुपलीभर. झाडणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "रोजच्याचं हे. पावसाळ्यात तर बादली भरते." त्या दिव्यामुळे आकाशातलं काहीही दिसत नव्हतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा आणि खाणींचा उजेड एका बाजूने आकाश आधीच पांढुरकं करतो. उरलेला अंधार तरी जपा. नागपूर-पुण्याच्या मुलांनी आकाशगंगा पाहिलेली नसते. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना ती दाखवताना मला काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही.

तंबूबद्दल थोडं. "सफारी टेंट" हे आता मध्यम दरातल्या कॅम्पचं मुख्य आकर्षण झालं आहे. जाहिरातीत तो छान दिसतो, पण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तो अजिबात शोभत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि कापडी भिंतींच्या आत एसी लावायचा म्हणजे थंडावा बाहेर ओतायचा. कंप्रेसर दिवसभर थांबत नाही, आतल्या माणसाला धड गारवा मिळत नाही आणि शेजारच्या तंबूतल्या माणसाला घरघर ऐकावी लागते. तुमच्याच गावांमध्ये याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे. मातीच्या जाड भिंती, कवेलूचं (कौलांचं) छप्पर, खोल ओसरी, दाराला वाळ्याची ओली ताटी आणि एक चांगला कूलर. दुपारी बारा ते तीन माणूस त्यात झोपू शकतो. एका कॅम्पने दोन खोल्या अशा बांधलेल्या मी पाहिल्या. त्या मात्र "ड्रायव्हर लोकांसाठी" होत्या. आमच्या चालकाने सकाळी सांगितलं की झोप छान झाली, आणि आम्ही तंबूवाले जांभया देत होतो. पुढच्या खोल्या बांधाल तेव्हा तो नकाशा पाहुण्यांसाठी वापरा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, जिल्ह्यात बांबूचं काम हातात असलेली बुरड घरं आहेत. असं असताना ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर बाहेरून मागवलेले आफ्रिकन मुखवटे कशासाठी? सिंहाच्या चित्राचा मग मला एका कॅम्पवर चहासाठी दिला गेला. ताडोबात सिंह नाही.

जेवणाचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे तुम्ही जे गमावता त्याची तुम्हाला कल्पना नसावी असं वाटतं. चार दिवस चार कॅम्पवर जेवा, तोच बुफे मिळेल. पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, दाल तडका, जिरा राइस, गुलाबजाम. नागपूरच्या कोणत्याही लग्नात हेच असतं. जिरा राइससाठी बासमती कुठूनतरी ट्रकने येतो. आणि ज्या जिल्ह्यात हा कॅम्प आहे त्याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या छोट्या शेतकऱ्याने स्वतःच्या भाताच्या बांधीत, वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून, एचएमटी तांदूळ तयार केला. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय. तो आज विदर्भाच्या घराघरात शिजतो. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या गावापासून फार लांब नसलेल्या या जंगलात येऊन एकाही पाहुण्याला त्यांचं नाव कळू नये, याचं मला वाईट वाटतं. एचएमटीचा साधा भात, त्यावर वरण आणि तूप, सोबत वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, झणझणीत झुणका, हंगामात रानभाजी, सांबार घातलेली पातोडीची भाजी. (पुण्याच्या पाहुण्यांना सांगून ठेवा की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नणंद वाटीत इडलीबरोबरचं सांबार शोधत होती.) हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायांना डोळे मिटून करता येतं. मी एका कॅम्पवर मागच्या बाजूला गेले तेव्हा त्या हेच खात होत्या. मागितलं तर लाजल्या, मग एकीने भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा आणून दिला. आमच्या टेबलावर त्या रात्री बाकी कशाला कुणी हात लावला नाही. ते जेवण त्या बायांच्या नावाने पाटीवर लिहा. आजचा स्वयंपाक कुणी केला ते पाहुण्याला कळू द्या, आणि त्या कौशल्याचे पैसे त्यांना वाढवून द्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. रात्री जेवण झाल्यावर पाहुण्यांकडे तास-दीड तास असतो. तो टीव्हीला, स्पीकरला किंवा शेकोटीभोवतीच्या अंताक्षरीला देऊ नका. गावातल्या एखाद्या गाईडला, ज्याची त्या दिवशी पाळी नाही अशाला, मानधन देऊन बोलवा आणि तासभर बोलू द्या. मोहर्ली-आगरझरीकडे गाईड म्हणून काम करणाऱ्या बाया आहेत. जिप्सीत चार तास त्यांच्यासोबत घालवले तरी त्यांच्याशी नीट बोलणं होत नाही, कारण पाहुण्याचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं. त्या कॅम्पवर येऊन बसल्या तर काय काय सांगतील! मोहाच्या झाडाखाली अस्वल कधी येतं, वाघ आणि बिबट यांचे पगमार्क (पावलांचे ठसे) कसे ओळखायचे, माया वाघिणीने किती बछडी वाढवली आणि २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाल्यावर गेटावर कसं वातावरण होतं. आणि घरातलं माणूस जंगलात गेलं असताना संध्याकाळ कशी जाते, हेही. पाऊस सुरू झाला की कोअर बंद होतो आणि गाईडच्या कमाईला मोठी खीळ बसते. वर्षभर आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्यांना हे काम मिळालं तर त्यांनाही आधार होईल.

त्यांना जामणीबद्दल बोलायला सांगा. जामणीच्या कुरणात चितळांचे कळप चरताना तुमचे पाहुणे फोटो काढतात, तिथे वाघही दिसतो. ते कुरण म्हणजे गाव होतं. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही कोअरमधली गावं उठली, माणसं बाहेर नव्या वस्त्यांत गेली, घरं आणि शेतं होती तिथे गवत वाढलं आणि जनावरं आली. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये झाला. कोअर सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. ही माहिती पाटीवर असते. गावं सोडून गेलेल्या माणसांनी काय दिलं ते पाटीवर नसतं. एका कॅम्पचे रात्रपाळीचे रखवालदार काका मला म्हणाले होते, "चिंचेचं झाड दिसते ना तुमाले कुरणात, त्याच्या मागं आमचा गोठा होता." मी त्या झाडासमोरून कितीतरी वेळा गेले होते. गाडीत कुणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं. गाव हलवायला पाहिजे होतं की नव्हतं, यावर जाणत्यांची मतं वेगळी असू शकतात. माझं मत असं आहे की त्या माणसांनी मोठा त्याग केला आणि त्या त्यागावर आपलं पर्यटन उभं आहे. तेव्हा त्यांच्या तोंडून ते ऐकणं एवढं तरी आपण पाहुण्यांनी केलं पाहिजे. काका सांगायला तयार होते. त्यांना तोवर कुणी विचारलं नव्हतं.

कचरा आणि कुंपण यांवर दोनच वाक्यं, कारण ती तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. स्वयंपाकघराचं उष्टं मागच्या खड्ड्यात उघडं टाकलं की कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो, आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात बिबट्याने काय अनर्थ केले ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं आहे. आणि जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाळीचं उंच कुंपण घालून "आमच्या आवारात हरणं येतात" असं जाहिरातीत लिहू नये.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. कर्जं आहेत. तीन महिने धंदा जवळपास बसलेला असतो. ऑनलाइन बुकिंगवाले कमिशन कापून घेतात. वाघ दिसला नाही म्हणून एखादा पाहुणा एक तारा देऊन जातो आणि ते पुढची कित्येक बुकिंगं खातं. शेजारचा कॅम्प पोहण्याचा तलाव बांधतो म्हणून तुम्हालाही बांधावा लागतो. पण या पत्रात मी जे मागते आहे त्यात खर्च वाढवणारं फारच थोडं आहे. स्पीकर बंद ठेवायला पैसे लागत नाहीत. फ्लडलाइट काढला तर वीजबिल कमी होईल. एचएमटी बासमतीपेक्षा स्वस्त पडतो. गाईडचं मानधन लागेल, ते पाहुण्याच्या बिलात खुशाल लावा, आम्ही देऊ. शहरातला माणूस एका पॉपकॉर्नच्या पुड्याला किती मोजतो ते तुम्हाला माहीत आहे.

वाघ न दिसल्याच्या नाराजीवर एकच उपाय मला दिसतो, आणि तो बुकिंगच्या वेळीच करावा लागतो. पैसे घेताना पावतीवर मराठीत आणि हिंदीत स्पष्ट छापा : वाघ दिसेलच असं नाही, त्यासाठी गाईड किंवा चालकावर दबाव आणू नये, रात्री वाघ शोधायला खासगी गाडी रस्त्यावर काढणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागेल. हे वाचून काही बुकिंगं जातील. ती जाऊ द्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून एकाच हंगामात हे छापलं तर जाणारा पाहुणा शेजाऱ्याकडेही जाऊ शकणार नाही. गेटागेटावर तुमच्या संघटना आहेत, खोल्यांचे दर ठरवायला तुम्ही एकत्र बसता. याच्यासाठीही बसा.

मंगळवारचंही बघा. मंगळवारी कोअर बंद म्हटल्यावर कॅम्पवर पाहुणे कंटाळून तलावाकाठी लोळतात किंवा सोमवारीच परत जातात. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत, जैन मंदिर आहे. चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट, त्यांच्या समाध्या आणि महाकालीचं देऊळ आहे. वरोऱ्याला बाबा आमटेंनी १९४९ साली सुरू केलेलं आनंदवन आहे. गावातल्या एखाद्या पोराला सोबत देऊन गाडी पाठवलीत तर खोलीचा आणखी एक दिवस विकला जाईल आणि या मुलखाला वाघाखेरीज इतिहास आहे हे मुलांना कळेल. माझ्या वर्गात ताडोबाला जाऊन आलेली बरीच मुलं आहेत. त्यांच्यापैकी एकालाही चंद्रपूर ही गोंडांची राजधानी होती हे माहीत नव्हतं.

१ ऑक्टोबरला कोअर पुन्हा उघडेल. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊ जण येणार आहोत, त्यात चार मुलं आहेत. बुकिंगसाठी मी सप्टेंबरमध्ये मोहर्ली आणि कोलारा या दोन्ही बाजूंच्या कॅम्पना फोन करेन. सायटिंगचं विचारणार नाही. रात्री दहानंतर आवारात काय काय चालू असतं, संध्याकाळी पाहुण्यांशी बोलायला गावातलं कोण येतं आणि जेवणात भात कुठला असतो, एवढंच विचारेन. ज्यांच्याकडून नीट उत्तरं मिळतील त्यांच्याकडे आमच्या तीन खोल्या, आणि शाळेच्या सहलीचा विषय निघेल तेव्हा मुख्याध्यापकांना मी देईन तेही त्यांचंच नाव.

आपली नम्र,
एक शिक्षिका, नागपूर